आत्याबाईची पेटी

कूलर लावायचा असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा, हे वाक्य मी गेल्या एकतीस वर्षांत अर्ध्या वर्ध्याला सांगितलं आहे. उरलेल्या अर्ध्यांनी विचारलं नाही म्हणून ते सुटले. लोकांना वाटतं, दारं-खिडक्या लावून घेतल्या की थंडी आत कोंडून राहील. राहत नाही. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. आतल्या हवेला बाहेर जायला वाट नसली की खोली नुसती दमट होत जाते, चादरी ओलसर लागतात, अंग चिकचिकतं, आणि मग लोक दुकानात येऊन म्हणतात, कैलासभाऊ, तुमचा कूलर बेकार आहे. कूलर बेकार नसतो. माणूस ऐकत नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की या माणसाला एवढी साधी गोष्ट कळू नये? कळायला हवी होती.

आर्वी नाक्याकडे माझं कूलर बनवायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. मागे घर. घरात मी, आणि शनिवार-रविवार माझी मुलगी काजल. ती नागपूरला होस्टेलवर राहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिसरी आत्याबाई. आत्याबाई म्हणजे काजलने पाळलेला कोळी. कोळी म्हटलं की तुम्हाला छताच्या कोपऱ्यातलं जाळं आठवेल, पण ही ती जात नाही. ही टॅरेंटुला. पाय पसरले तर माझ्या पंजाएवढी, अंगभर काळपट लव, मूळ घराणं ब्राझीलचं आणि जन्म नागपूरचा. तिथल्या एका पाळणाऱ्याने घरी वाढवलेली, कागदपत्रांसकट आणलेली. काजलने तिचं लांबलचक शास्त्रीय नाव मला दोनदा सांगितलं होतं. मी मात्र पहिल्याच दिवशी पाहिलं की बाई एका कोपऱ्यात बसते, कोणाशी बोलत नाही, वाढलेलं मुकाट खाते आणि जवळ गेलं की पुढचे पाय उचलून दटावते. माझी सख्खी आत्या हुबेहूब अशीच होती. नाव पडलं ते पडलं.

एप्रिलच्या शेवटी काजलची परीक्षा लागली. पाच आठवडे घरी येणं नाही. निघायच्या आधी तिने वहीचं पान फाडून आत्याबाईच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीमागच्या भिंतीला चिकटवलं. पाण्याची वाटी रोज भरायची. माती एकाच कोपऱ्यात ओली करायची, बाकीची कोरडी राहू द्यायची. आठवड्याला तिच्या खाण्यासाठी ठेवलेल्या डब्यातलं एक झुरळ टाकायचं, खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी बाहेर काढायचं. पेटीला तिने माझ्याच ड्रिलने भोकांच्या दोन ओळी पाडल्या होत्या, एक डावीकडे खाली आणि एक उजवीकडे वर. त्यातलं एकही भोक बंद करायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा मारून, "काही झालं तर मला सांगा. लपवू नका."

ही शेवटची ओळ आत्याबाईबद्दल नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी, काजल बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, तिची आई, माझी माधवी, दवाखान्यात होती. साध्या काविळीचं निमित्त झालं आणि दुखणं यकृतावर गेलं. तिकडे नागपूरला काजलचे पेपर चालू. तिला मी एवढंच सांगितलं होतं की आईला थोडा अशक्तपणा आहे, सलाईन लावलं आहे. आपल्याकडे हे सगळेच करतात. पोरं परीक्षेला बसली की घरातलं आजारपण लपवायचं, कोणी गेलं तर तेही लपवायचं, आणि वर म्हणायचं, पोराचं वर्ष वाया जायला नको. मंगळवारी माधवी चांगली शुद्धीवर होती. चार चमचे पेज प्यायली आणि म्हणाली, "काजलले बोलवा ना." मी म्हणालो, "गुरुवारी शेवटचा पेपर हाये. झाला का येते." माझा मित्र रूपराव तिथंच बसला होता. तोही म्हणाला, "पेपर होऊ द्या वहिनी."

संध्याकाळी काजलचा फोन आला. "आईले द्या," म्हणाली. मी म्हणालो, "झोपली हाये ते. बरी हाये." माधवी जागी होती. फोन कोणाचा हे तिला कळलं होतं, ती माझ्याकडे बघत होती, आणि मी फोन घेऊन व्हरांड्यात गेलो. का गेलो? माधवीचा आवाज फार खोल गेला होता. तो ऐकला असता तर पोरगी तशीच पेपर सोडून निघाली असती. बुधवारी माधवीची शुद्ध हरपली. गुरुवारी पेपर देऊन काजल आली. शुक्रवारी सगळं संपलं.

त्या पेपरात तिला चांगले मार्क मिळाले.

काजल भांडली नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले पाहुणे गेल्यावर भांडी आवरता आवरता एकदाच म्हणाली, "बाबा, पेपर पुढच्या वर्षीही देता आला असता." त्या मंगळवारी आई जागी होती हे मी तिला सांगितलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. आणि तेव्हापासून तिला एक सवय लागली. मी काहीही म्हणालो, जेवलो, औषध घेतलं, बरा आहे, की ती विचारते, "खरंच?" रागाने नाही. साखर आणली का, या सुरात. मला मात्र तो शब्द दर वेळी लागतो.

आता आत्याबाईकडे येतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पारा सेहेचाळीसवर गेला. सकाळी भरलेली पाण्याची वाटी दुपारपर्यंत कोरडी. पेटीतली माती पापडासारखी तडकली. रूपराव त्या दिवशी आंजीहून कूलरची मोटर घेऊन आला होता. त्याची तिथे वांगी-मिरचीची शेती आहे, आणि सल्ला द्यायला त्याला कधी पैसे पडत नाहीत.

"ब्राझीलचं जनावर म्हणते ना हे?" पेटीत डोकावून तो म्हणाला. "तिथं तं जंगल, पाणीच पाणी. इथच्या उन्हात वाळून जाईन ना बाप्पा. बारदान ओलं करून गुंडाळ तिले. मी मिरचीचं रोप असंच जगवतो."

सल्ला त्याचा, पण हात माझे. मला ते पटलं, कारण हवा आणि पाणी हे माझं खातं. कालची पोरगी मला काय शिकवणार? मी पेटीला ओलं बारदान गुंडाळलं. खालच्या ओळीतून लू आत शिरते असं वाटलं, म्हणून त्या ओळीवर चिकटपट्टी मारली. वरची भोकं उघडी ठेवली, हवा यायला तेवढी पुरे. आणि सकाळ-संध्याकाळ पंपाच्या बाटलीने सगळ्या मातीवर पाणी फवारायला लागलो. भिंतीवरचं पान समोरच होतं. मी त्याच्याकडे पाठ करून फवारत होतो. काजलला विचारावं असं मनात आलं होतं, पण दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला, म्हटलं.

तीन दिवस मी माझ्यावरच खूश होतो. पेटी हाताला गार लागायची, माती काळीभोर. पाचव्या दिवशी कोपऱ्यात झुरळाच्या उरलेल्या पायाभोवती पांढरा कापूस दिसला. वर्ध्यात कापूस कुठेही दिसतो, त्याचं कोणाला काय? चिमट्याने उचलला आणि फेकला. सातव्या दिवशी आत्याबाईला बसायला ठेवलेल्या झाडाच्या सालीवर हिरवे ठिपके आले. झाकण उघडलं की वास यायचा, आणि तो वास माझ्या चांगला ओळखीचा होता. गेल्या वर्षीचं पाणी टाकीत तसंच ठेवून लोक मार्चमध्ये कूलर दुरुस्तीला आणतात, त्याच्या गवताला हाच कुबट वास येतो. मी त्या लोकांना ओरडतो.

आत्याबाईने मातीवर पाय ठेवणं सोडलं होतं. पेटीच्या भिंतीवर चढून, वरच्या भोकांशी तोंड लावून ती दिवसदिवस चिकटून राहायची. खाणं बंद. मला वाटलं, उकाड्याने हैराण झाली. म्हणून मी जास्त पाणी फवारलं.

काजलचा फोन रोज संध्याकाळी यायचा.

"आत्याबाई कशी हाये?"

"मजेत."

"खरंच?"

"हाव."

"फोटो पाठवा बरं."

मी मोबाइलमधला एप्रिलचा फोटो शोधून पाठवला. त्यात माती कोरडी होती, साल स्वच्छ होती, आणि आत्याबाई पाण्याच्या वाटीजवळ ऐटीत बसली होती. तिकडून काजलने लाल बदाम पाठवला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी आणखी एक जुना फोटो पाठवला, कारण एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा सोपं जातं. सोमवारी आत्याबाई पुन्हा मातीवर उतरलेली दिसली. मला हायसं वाटलं. भूक लागली असेल म्हणून एक चांगलं मोठं झुरळ आत सोडलं.

मंगळवारी सकाळी शकुंतलाबाईंचा फोन आला. त्यांनी मला शाळेत गणित शिकवलं होतं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "कैलास, तुझा कूलर घेऊन जा. अंथरूण ओलं होतं माझं."

मी गेलो. खोलीत पाय ठेवताच कळलं. कूलर धो धो चालू, आणि समोरच्या खिडकीला आतून पुठ्ठा ठोकलेला. कपाटामागची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरली होती.

"बाई, हे कोणं लावलं?"

"मीच लावलं. लू येते तिथून."

"मंग हवा बाहेर कुठून जाईन?"

"ही काय, कूलरच्या वरची फट उघडी आहे की. तिथून येते-जाते हवा."

"बाई, एका बाजूनं फट ठेवून भागत नाई. हवेले याले एक वाट लागते अन् जाले दुसरी. एक बुजवली तं दुसरी असून नसल्यासारखीच. तुमी भीतीनं खिडकी बुजवली, अन् वरतून पाणी मारून राह्यल्या. मंग बुरशी नाई येईन तं काय..."

पुढचं वाक्य तोंडातून निघालंच नाही. हातात पेचकस, नजर त्या पुठ्ठ्यावर, आणि मला दिसत होती ती चिकटपट्टी. माझ्या हाताने, नीट नखाने दाबून बसवलेली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काई नाई."

"छत्तीस वर्षं 'काई नाई' म्हणणारी पोरंच सांभाळली मी," त्या म्हणाल्या. "जा. पुठ्ठा मी काढते."

घरी आलो तेव्हा बारा वाजत होते. रूपराव मोटर न्यायला आला होता, तोही माझ्या मागोमाग आत आला. मी बारदान ओढून काढलं, चिकटपट्टी सोलली आणि पेटीत पाहिलं. आत्याबाई मातीवर उताणी पडली होती. आठही पाय वर. खाली पांढऱ्या धाग्यांची चादर अंथरलेली, आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर हिरवी बुरशी.

मी तिथंच फरशीवर बसलो.

रूपरावने वाकून पाहिलं. मला म्हणाला, "गेलं वाटते रे." मग त्याने विचारलं, "काजलचा पेपर कवा हाये?"

"उद्या."

"मंग उद्या संध्याकाळी सांगजो. पेपर होऊ दे."

त्याने हे प्रेमानेच म्हटलं. रूपराव वाईट माणूस नाही. माधवी गेली तेव्हा अकरा दिवस त्याच्या घरून आमचा डबा आला होता. मला त्याचा राग आला नाही. मला भीती वाटली, कारण माझ्या जिभेवर 'हाव' आलंच होतं. दवाखान्यातल्या त्या खोलीतही असंच झालं होतं. पोरीचं भलं, पोरीचं वर्ष, हे सगळं तोंडाने म्हणायचं. खरं पाहिलं तर सांगायला माझीच छाती होत नाही. तिचा पेपर मला आडोसा म्हणून लागतो.

मी फोन लावला.

"बाबा? आता कसा काय फोन केला?"

"काजल, उद्या तुहा पेपर हाये हे मले माहीत हाये. तरी सांगतो."

"तुमाले काई झालं काय?"

"मले नाई. आत्याबाई उताणी पडली हाये. मेली वाटते. अन् चूक माही हाये."

"पाय कसे हायेत?" तिचा आवाज एकदम वेगळा झाला, डॉक्टरीणबाईसारखा. "पोटाशी आवळले का पसरले?"

"पसरले."

"व्हिडिओ लावा."

रूपरावने मोबाइल धरला. काजलने स्क्रीनजवळ तोंड आणून पाहिलं. एका पायाचं टोक अगदी किंचित हललं.

"हात नोका लावू," काजल म्हणाली. "मेली नाई ते. कात टाकून राह्यली." कोळी मरतो तो पाय अंगाखाली आवळून, पोटावर बसल्या बसल्या, हे तिने मला तेव्हा सांगितलं. उताणा होतो तो कात टाकायला. खाणंही त्यासाठीच सोडलेलं असतं. "आत झुरळ हाये काय?"

"काल टाकलं एक."

"जिवंत?"

"असन."

"काढा ते, बाबा. लगेच. पेटी नोका हलवू. कातीतून निघाल्यावर तिचं अंग लोण्यासारखं राह्यते. झुरळ कुरतडून टाकते तिले."

मी लांब चिमटा घेतला. झुरळ सालीखाली लपलेलं, साल हिरवी, आणि सालीला आत्याबाईचा एक पाय टेकलेला. दोनदा चिमट्यातून निसटलं. तिसऱ्यांदा त्याची मिशी पकडीत आली आणि मी ते बाहेर काढून डब्यात टाकलं. रूपरावने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मोबाइल खाली घ्या जरा," काजल म्हणाली. "ते हिरवं काय हाये?"

मग मी सांगितलं. बारदान सांगितलं, चिकटपट्टी सांगितली, फवारा सांगितला. मध्ये कुठेही थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

"अन् फोटो?"

"एप्रिलचे होते."

रूपराव फरशीकडे बघत होता. काजलच्या खोलीतल्या पंख्याची खरखर मला ऐकू येत होती. बेअरिंगला तेल नसेल, असं उगाच मनात आलं.

"आता काई करता येत नाई," शेवटी ती म्हणाली. "आठ-दहा दिवस माती बदलता येत नाई, तिचं अंग अन् दात कडक होईपर्यंत. बुरशी जशी हाये तशी राहू द्या. फक्त भोकं उघडी ठेवा, वाटीत पाणी ठेवा. ओल हळूहळू उतरते."

म्हणजे मी केलेली घाण पुसायचीही नाही. दहा दिवस ती डोळ्यांसमोर ठेवून बसायचं. मला ते योग्यच वाटलं.

"तू अभ्यास कर. मी हाओ इथं," मी म्हणालो.

"नाई. फोन तिथंच ठेवा. चालू राहू द्या."

मी मोबाइल चार्जरला लावून पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. स्क्रीनवर तिची हनुवटी आणि पुस्तकाचा कोपरा दिसत होता. दुपारभर आम्ही तसेच बसलो. तिकडून पानं उलटल्याचा आवाज यायचा, इकडे रूपराव दोनदा चहा करून आला. कुठे जायचं नव्हतं त्याला, मोटर तशीच पडून होती. दोन वाजता आत्याबाईच्या छातीच्या कडेने चीर पडली. मग ती पाय ओढायला लागली. घट्ट बांगडी काढताना बाया हात आवळतात, सोडतात, पुन्हा आवळतात, तसं. मध्येच इतका वेळ निपचित पडायची की मला वाटायचं, संपलं. तेव्हा मी मोबाइलकडे बघायचो, आणि काजल पुस्तकातून डोळे न काढता म्हणायची, "थकली हाये. थांबा."

साडेचारला शेवटचा पाय सुटला. पेटीत आता दोन आत्याबाई होत्या, एक रिकामी आणि एक ओली, फिकट. नव्या आत्याबाईचे दात तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे होते. आठही पाय शाबूत.

"झालं," काजल म्हणाली, आणि बाहीने डोळे पुसले.

रूपराव उठून बाहेर अंगणात गेला. मी स्क्रीनकडे पाहत होतो. पोरीचा उद्या पेपर आहे, हे मला कळत होतं. पण त्या दिवशी जे तोंडातून निघालं नसतं ते पुढे कधीच निघालं नसतं. माझी मलाच खात्री होती.

"काजल, त्या मंगळवारी तुही आई झोपली नवती."

तिने पुस्तक मिटलं.

"जागी होती. तुले बोलवा म्हणत होती. तुहा फोन आला तं माह्याकडे पाहून राह्यलती. मी फोन घेऊन बाहीर निंघून गेलो."

"माहीत हाये मले," काजल म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तिचा आवाज आलता मागून. 'काजल हाये काय?' म्हणत होती. अन् तुमी म्हणाले, झोपली हाये." मग म्हणाली, "तीन वर्षं झाले बाबा. तुमी सांगाल म्हणून वाट पाहून राह्यलती मी."

मी रडलो. पोरीसमोर पहिल्यांदा रडलो, आणि तीही रडली, तिकडे नागपूरला, पुस्तकावर हात ठेवून. तांब्याला टेकवलेला मोबाइल घसरून आडवा झाला तरी आम्हाला दोघांना तो सरळ करायचं सुचलं नाही. मग बऱ्याच वेळाने तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "ठेवते आता. दोन धडे राह्यले हायेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी पेटीजवळच बसलो होतो.

"कसा गेला पेपर?"

"बेकार गेला. एक अख्खा प्रश्न राहून गेला."

माझ्यामुळे, हे मला माहीत होतं, आणि तिलाही. पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, जाऊ दे, बाकीचा चांगला गेला असन. पण मी तिचंच वाक्य तिला दिलं. "पेपर पुढच्या वर्षीही देता येते, काजल."

"हाव," म्हणाली. "देता येते." मग विचारलं, "आत्याबाईचे दात कसे हायेत?"

"पांढरेच हायेत अजून. बुरशीही हाये तेवढीच. पण वास कमी झाला."

मी त्या 'खरंच?'ची वाट पाहत थांबलो. तीन वर्षांची सवय, माझे कानच तसे झाले होते.

"बरं," काजल म्हणाली. "संध्याकाळी करते मंग फोन."